हृदयातली गाठ: पक्षाघातापूर्वीचे २५ तास

साताऱ्यातल्या एका रुग्णालयात मंगळवारी सकाळी ८ वाजून ५० मिनिटांनी इकोच्या पडद्यावर एका बाईच्या हृदयातली गाठ दिसली. तोवर तिची वाचा जाऊन दोन तास दहा मिनिटं झाली होती. उजवा हात लुळा पडला होता. गाठ कर्करोगाची नव्हती. ती शरीरभर पसरणार नव्हती, की आजूबाजूचं मांस पोखरणार नव्हती. वेळेत दिसली असती तर एका शस्त्रक्रियेत कायमची निघाली असती.

हा घटनाक्रम कुठल्या एका रुग्णाचा नाही. वाईची ही बाई, तिचं घर, तिच्या तपासण्यांचे आकडे, घड्याळातल्या वेळा हे सगळं कल्पून मांडलं आहे. तिच्या शरीरात जे घडतं ते मात्र कल्पित नाही. हृदयाच्या डाव्या अलिंदात मिक्झोमा नावाची गाठ वाढलेल्या रुग्णांच्या बाबतीत ते डॉक्टरांनी वर्षानुवर्षं पाहिलं आणि नोंदवलं आहे. या २५ तासांत गाठीनं किती वेळा खूण दिली आणि प्रत्येक वेळी ती खूण दुसऱ्याच कुणाच्या नावावर कशी जमा झाली, हे वेळेनुसार पाहायला हवं.

सोमवार, पहाटे ५:१५. पक्षाघाताला २५ तास २५ मिनिटं बाकी

श्रावणातला सोमवार. ४४ वर्षांची ही बाई झोपेत डाव्या कुशीवर वळते आणि श्वास कोंडून जागी होते. उठून बसते, दोन उश्या पाठीशी घेते, उजवीकडे कलते. दोन-तीन मिनिटांत श्वास मोकळा होतो. गेले दोन महिने अधूनमधून असं होतंय. घरात सगळ्यांनी त्याला पित्त ठरवलंय. रात्री उशिरापर्यंत ब्लाउज शिवत बसायचं, अवेळी जेवायचं, मग पित्त होणारच.

तिच्या हृदयात मात्र वेगळंच चाललंय. हृदयाला चार कप्पे. वरचे दोन अलिंद, खालचे दोन निलय. फुप्फुसांतून शुद्ध झालेलं रक्त डाव्या अलिंदात येतं, मायट्रल झडपेतून डाव्या निलयात उतरतं आणि तिथून महाधमनीवाटे सगळ्या शरीरात जातं. दोन अलिंदांच्या मधे एक पडदा असतो. त्या पडद्यावर डाव्या बाजूनं, एका देठावर, साडेपाच सेंटिमीटर लांबीची गाठ लोंबते आहे. करडी-पिवळसर, चकचकीत, बुळबुळीत, बोटानं दाबली तर फुटेल इतकी मऊ. दोरीला बांधलेली बादली आडात हेलकावे खावी तशी ती प्रत्येक ठोक्याला हलते. झडप उघडली की रक्ताबरोबर खाली उतरते, झडप मिटताना पुन्हा वर ढकलली जाते. शरीरानं कूस बदलली की गाठीचीही जागा बदलते. डाव्या कुशीवर ती नेमकी झडपेच्या तोंडात बसते, रक्ताची वाट अडते, मागे फुप्फुसांत दाब वाढतो आणि दम लागतो. कूस बदलली की वाट मोकळी.

मिनिटाला ८० ठोके धरले, तर उद्या सकाळपर्यंत ही गाठ आणखी १ लाख २२ हजार वेळा हेलकावणार आहे.

सकाळी ८:००. २२ तास ४० मिनिटं बाकी

नवरा एसटीच्या आगारात मेकॅनिक, तो कामावर गेला. मुलगी कॉलेजला निघाली. बाईनं तापाची गोळी घेतली आणि मशीनवर बसली. अंगात कसर आहे. तीन महिन्यांत ताप कधी १०० च्या वर गेला नाही, पण पूर्ण उतरलाही नाही. वजन पाच किलोनं घटलं. सकाळी बोटांचे सांधे आखडतात, कात्री धरायला वेळ लागतो.

कपाटात एका प्लॅस्टिकच्या पिशवीत तिचे सगळे कागद आहेत. हिमोग्लोबिन ९.४. ईएसआर ८२. विडाल चाचणीत थोडी शंका, म्हणून टायफॉइडचा कोर्स झाला. छातीचा एक्स-रे, थुंकीची तपासणी, दोन्ही ठीक, म्हणून क्षयाचं नाव मागे पडलं. मग संधिवाताच्या तपासण्या, त्याही कोऱ्या. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या.

यातला एकही डॉक्टर चुकीच्या दिशेनं विचार करत नव्हता. आपल्याकडे लांबलेला ताप, घटलेलं वजन आणि वाढलेला ईएसआर म्हटलं की आधी टायफॉइड आणि क्षयच तपासायला हवा. पण मिक्झोमाच्या पेशी इंटरल्यूकिन-६ नावाचं द्रव्य रक्तात सोडतात. शरीरात दाह असल्याची वर्दी देणाऱ्या द्रव्यांपैकी हे एक. त्यानं ताप येतो, ईएसआर वाढतो, रक्त कमी होतं, सांधे दुखतात, वजन उतरतं. जंतू नसतो, म्हणून जंतूवरचं औषध लागू पडत नाही. कारण छातीत असतं आणि शोध मात्र आतडी, फुप्फुसं, सांधे असा फिरत राहतो. गाठ काढली की हा सगळा त्रास थांबतो, हेच त्याचं कारण गाठ असल्याचं सगळ्यात मोठं प्रमाण.

सकाळी ११:२०. १९ तास २० मिनिटं बाकी

मशीनखाली बॉबिन घरंगळलं. ते उचलायला ती खाली वाकली, उठून उभी राहिली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. भिंत धरता धरता खाली बसली. किती वेळ गेला, तिला सांगता येणार नाही. ब्लाउज न्यायला आलेल्या शेजारणीनं पाहिलं, अर्धं मिनिट तरी ती हाकेला ओ देत नव्हती.

"उपास झेपत नाही तर धरता कशाला?" शेजारीण म्हणाली आणि साखरपाणी दिलं.

उपवास, अशक्तपणा, उन्हातून आल्यामुळे, बीपी लो झालं. भोवळीला आपल्याकडे हजार कारणं तयार असतात, आणि बहुतेक वेळा ती खरीही असतात. इथं मात्र उठताना गाठ काही क्षण झडपेत घट्ट बसली. डाव्या निलयात रक्त उतरलंच नाही, तर पुढे मेंदूला जाणार कुठून? गाठ सरकली, रक्त वाहू लागलं, शुद्ध आली. काही रुग्णांत ती सरकत नाही. अशा गाठीमुळे माणूस जागच्या जागी दगावू शकतो. हृदयातल्या कर्करोग नसलेल्या गाठी जीव घेतात त्या मुख्यतः अशा दोन वाटांनी. एकतर रक्ताची वाट अडवून, नाहीतर स्वतःचा तुकडा सोडून. या बाईला त्या क्षणी पहिली वाट चाटून गेली.

दुपारी १:००. १७ तास ४० मिनिटं बाकी

शेजारीण तिला बळंच डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर गेली वीस वर्षं याच गल्लीत. बीपी ठीक, साखर ठीक, ईसीजीत घाबरण्यासारखं काही नाही. मग त्यांनी स्टेथोस्कोप लावला आणि तो नेहमीपेक्षा जास्त वेळ छातीवर ठेवला.

"ताई, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का कधी? घसा वरचेवर धरायचा?"

"नाही डॉक्टर. तसं काही आठवत नाही."

"ठोक्यामध्ये एक आवाज जास्तीचा येतोय. झडप आकुंचली असेल तर असा येतो. साताऱ्याला जाऊन टू-डी इको करून घ्या. लांबवू नका."

"गौरी-गणपतीच्या ऑर्डरी आहेत डॉक्टर. त्या उरकल्या की लगेच जाते."

"ऑर्डरी राहू देत. आजच फोन करून नंबर लावा."

डॉक्टरांनी योग्य तेच केलं. आपल्या देशात तरुण किंवा मध्यमवयीन बाईच्या हृदयात असा आवाज आला की पहिला संशय संधिवाताच्या तापानं खराब झालेल्या मायट्रल झडपेचा येतो. लहानपणी घशाला होणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस जंतुसंसर्गानंतर तो ताप येतो आणि झडप वर्षानुवर्षं आकुंचत जाते. मिक्झोमा हुबेहूब तेच सोंग घेतो, कारण आकुंचलेली झडप आणि गाठीनं अडलेली झडप, दोन्हींत रक्ताची वाट अरुंदच होते. फरक ओळखायची एक खूण आहे. गाठीचा आवाज कुशीगणिक बदलतो. बसल्यावर एक, डाव्या कुशीवर दुसरा, कधी अजिबातच नाही. काही रुग्णांत गाठ खाली येऊन आदळण्याचा एक दबका 'धप्' असा आवाज ऐकू येतो. तो सगळ्यांत सापडत नाही, आणि गर्दीच्या ओपीडीत तर सहज निसटतो. कानानं संशय यावा, निकाल इकोनं लावावा. डॉक्टरांनी तेच लिहून दिलं.

संध्याकाळी ४:३०. १४ तास १० मिनिटं बाकी

मुलीनं फोन लावला. "उद्या सकाळी अकराला या."

उद्या अकरा म्हणजे साडेअठरा तास. इतक्या लवकर नंबर मिळाला, हेच नशीब म्हणायचं. इकोला लागतात वीस-तीस मिनिटं. सुई नाही, भूल नाही, क्ष-किरण नाहीत. छातीला जेल लावून एक यंत्र फिरवतात. त्यातून निघणारे ध्वनितरंग आतल्या भिंतींवर आपटून परततात आणि हलतं हृदय पडद्यावर उमटतं. अलिंदातला मिक्झोमा या साध्या तपासणीत बहुतेक वेळा दिसतो. शंका राहिलीच तर अन्ननलिकेतून नळी घालून केलेल्या इकोत देठ कुठे चिकटलाय तेही कळतं.

ही सोय मानवजातीला मिळून फार काळ झालेला नाही. १९५३ मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथं इंगे एडलर हे हृदयतज्ज्ञ आणि हेल्मुट हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी ध्वनितरंगांनी हृदयाची हालचाल पहिल्यांदा टिपली. १९५९ मध्ये जर्मन डॉक्टरांनी याच पद्धतीनं डाव्या अलिंदातला मिक्झोमा ओळखला. त्याआधी अशा गाठी बहुतेक शवविच्छेदनाच्या टेबलावरच सापडत. त्याहीआधी तर ती जिवंतपणी सापडली असती तरी उपयोग नव्हता, कारण हृदय उघडायचं कसं हेच ठाऊक नव्हतं. स्टॉकहोममध्ये क्लॅरेन्स क्रॅफोर्ड यांनी १९५४ मध्ये हृदय-फुप्फुस यंत्र लावून एका बाईच्या डाव्या अलिंदातला मिक्झोमा काढला आणि ती जगली. तेव्हापासून हा आजार बरा होण्यासारखा झाला. दिसणं आणि काढणं, दोन्ही आज जिल्ह्याच्या नाहीतर शेजारच्या मोठ्या शहरात होतं. अडतं ते संशय येण्यापाशी.

रात्री ११:४५. ६ तास ५५ मिनिटं बाकी

उपास सोडून, भांडी आवरून बाई आडवी झाली. डाव्या पायाचा अंगठा दुखतोय. दिवा लावून पाहिलं तर टोकाला मुगाच्या दाण्याएवढा जांभळा डाग, हात लावला तर कळ. मशीनच्या पायट्याला ठेचाळलं असेल म्हणून तिनं खोबरेल तेल चोळलं.

ठेच नव्हती. गाठीचा एक कण सुटून रक्ताबरोबर पायाच्या टोकापर्यंत गेला होता आणि तिथली बारीक रक्तवाहिनी त्यानं बुजवली होती.

सगळे मिक्झोमा सारखे नसतात. काहींचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. ते मोठे होतात आणि जास्त करून वाट अडवतात. काहींना बाहेरून मऊ, ठिसूळ झुपके असतात, त्यांचे कण तुटतात. कधी गाठीवर साकळलेलं रक्त सुटतं. डावीकडची गाठ असेल तर सुटलेला तुकडा थेट महाधमनीत येतो. पुढे मेंदू, मूत्रपिंड, आतडी, हात-पाय, डोळे, कुठेही जाऊ शकतो. मिक्झोमाच्या साधारण तीनातल्या एका रुग्णाला असा तुकडा कुठेतरी जाऊन अडकतो, आणि सगळ्यात जास्त वेळा तो मेंदूत जातो.

दम, ताप, भोवळ, जांभळा डाग. चार खुणा, आणि चौघींची वेगवेगळी चार कारणं ठरलेली. चारही एका कागदावर आल्या असत्या तर कुणीही हृदयरोगतज्ज्ञानं तिला त्या रात्रीच बोलावून घेतलं असतं.

मंगळवार, पहाटे ३:१०. ३ तास ३० मिनिटं बाकी

पुन्हा श्वास कोंडला. या वेळी खोकलाही. नवऱ्यानं खिडकी उघडली, पाठ चोळली. ती पुढे झुकून बसली तसं बरं वाटलं.

"आत्ता जाऊया का दवाखान्यात?"

"नको हो. अकराला जायचंच आहे. तुमची झोप मोडली."

आपल्याकडे घरातल्या बाया हे वाक्य किती सहज बोलतात! स्वतःच्या श्वासापेक्षा दुसऱ्याची झोप त्यांना मोठी वाटते. मिक्झोमा बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त आढळतो, बहुतेक तिशी ते साठीच्या दरम्यान, घराचा सगळा भार अंगावर असतो त्याच वयात. त्यामुळे दुखणं अंगावर काढायची ही सवय या आजारात फार महागात पडते.

सकाळी ६:४०. आघात

ती ओट्यापाशी चहा गाळत होती. गाठीच्या खालच्या टोकाचा एक झुपका तुटला. झडपेतून निलयात, निलयातून महाधमनीत, तिथून मानेतल्या डाव्या रोहिणीत आणि वर मेंदूत. या प्रवासाला काही सेकंद लागतात. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमनीत तुकडा अडकला.

गाळणं हातातून पडलं. पाठोपाठ ती. मुलगी धावत आली. आई तिच्याकडे पाहत होती, काहीतरी सांगू पाहत होती, शब्द येत नव्हता. तोंड उजवीकडे ओघळलेलं, उजवा हात उचलला तर धपकन खाली.

६:४४. आघातानंतर ४ मिनिटं

सासूबाई म्हणाल्या कांदा हुंगवा. नवऱ्यानं पाण्याचा पेला आणला. मुलीनं पेला बाजूला केला. अशा वेळी गिळण्याचे स्नायू नीट चालतीलच असं नाही, पाणी फुप्फुसांत जाऊ शकतं. तिनं १०८ ला फोन लावला, आईला कुशीवर केलं आणि घड्याळ पाहून वहीत लिहिलं, '६:४० पर्यंत नीट बोलत होती.' पुढचे सगळे उपचार त्या एका ओळीवर ठरणार होते.

मेंदूची मोठी धमनी बुजली की दर मिनिटाला सरासरी १९ लाख मज्जापेशी मरतात. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं बरं.

८:१०. दीड तास

वाईहून रुग्णवाहिका साताऱ्यात पोचली. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही. धमनी बुजल्याचं सीटी अँजिओत स्पष्ट दिसलं. ८:३५ ला इंजेक्शन दिलं. तेवढ्यात मुलीनं पिशवीतून कालची चिठ्ठी काढली. तिच्यावर डॉक्टरांच्या अक्षरात दोनच ओळी. 'मायट्रल आवाज? टू-डी इको करणे.'

८:५०. २ तास १० मिनिटं

खाटेपाशीच इको झाला. डाव्या अलिंदात गाठ, देठ मधल्या पडद्याला, दर ठोक्याला झडपेत शिरणारी. तीन महिन्यांचा ताप, दम, भोवळ आणि अंगठ्याचा डाग या सगळ्यांचा उलगडा एका चित्रात झाला.

त्याबरोबर एक अडचणही समोर आली. इंजेक्शन साकळलेलं रक्त विरघळवतं. अडकलेला तुकडा गाठीचाच असेल तर त्यावर औषधाचा जोर चालत नाही. तो बाहेरच काढावा लागतो. ती सोय पुण्यात.

११:००. ४ तास २० मिनिटं

इको सेंटरमध्ये तिचं नाव पुकारलं गेलं, त्या वेळी तिची रुग्णवाहिका खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याच्या वाटेवर होती.

दुपारी १२:५८. ६ तास १८ मिनिटं

जांघेतून घातलेली बारीक नळी मेंदूच्या धमनीपर्यंत गेली आणि तुकडा बाहेर आला. ताज्या गुठळीसारखा लालभडक नव्हता तो. फिकट, करडा, बुळबुळीत होता. डॉक्टरांनी तो टाकून न देता फॉर्मलिनमध्ये घालून पॅथॉलॉजिस्टकडे पाठवला. हे फार महत्त्वाचं. कमी वयात पक्षाघात झालेल्या रुग्णाच्या धमनीतून निघालेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेला, तर कधीकधी हृदयातल्या गाठीचा पहिला पत्ता तिथंच लागतो.

पुढचे बारा दिवस

गाठ अजून आतच होती आणि दुसरा तुकडा कधीही सुटू शकत होता. मग लगेच शस्त्रक्रिया का नाही? हृदय थांबवून यंत्रावर घ्यायचं तर रक्त पातळ करणारं हेपॅरिन भरपूर द्यावं लागतं, आणि मेंदूच्या ताज्या इजेत त्यानं रक्तस्राव होऊ शकतो. थांबावं तर दुसरा झटका, घाई करावी तर मेंदूत रक्त. मेंदूचे आणि हृदयाचे डॉक्टर रोज स्कॅन पाहून हा हिशेब मांडत होते. आघात व्हायच्या आधी गाठ सापडली असती, तर ही कोंडी आलीच नसती. भरती करून एक-दोन दिवसांत ऑपरेशन, एवढाच मार्ग होता.

बाराव्या दिवशी छातीचं हाड उघडलं. अशा शस्त्रक्रियेत एक पथ्य कडक पाळतात. महाधमनीला चिमटा लावून हृदय थांबेपर्यंत त्याला शक्यतो हातही लावायचा नाही, नाहीतर हाताळण्यानंच तुकडा सुटेल. हृदय थांबलं. गाठ देठासकट निघाली. देठ जिथं रुजला होता तिथला पडद्याचा गोल तुकडाही कापला, म्हणजे मूळ मागे राहत नाही. भोक हृदयावरणाच्या ठिगळानं शिवलं. झडप तपासली, कप्पा धुऊन काढला. ट्रेमध्ये ठेवलेली गाठ साडेपाच सेंटिमीटर, ३६ ग्रॅम.

पॅथॉलॉजीचा अहवाल आला: मिक्झोमा, कर्करोग नाही. हा निकाल पेशींचा. पेशी पसरणाऱ्या नाहीत, एवढंच तो सांगतो. गाठ कुठे बसली आहे आणि तिथं काय करू शकते, हे त्यात येत नाही. पाठीवरची चरबीची गाठ आणि झडपेच्या तोंडावरची गाठ या दोघींचे अहवाल सारखेच दिलासा देणारे असतील, पण पहिली घेऊन माणूस आयुष्य काढतो आणि दुसरी एका सकाळी त्याची वाचा नेते.

पूर्ण चित्र

हृदयात मुळातूनच उगवणाऱ्या गाठी फार विरळा. शवविच्छेदनांत त्या हजारात एकालाही आढळत नाहीत. त्यातल्या साधारण तीन-चतुर्थांश कर्करोगाच्या नसतात. मोठ्या माणसांत त्यात मिक्झोमाच पुढे, आणि त्यातले चारातले तीन डाव्या अलिंदात. शस्त्रक्रियेतला मृत्यूचा धोका आता मोजक्या टक्क्यांवर आला आहे आणि एरवीच्या रुग्णांत गाठ पुन्हा येण्याचं प्रमाणही तितकंच थोडं.

अपवाद आनुवंशिक रूपाचा. मेयो क्लिनिकच्या एडन कार्नी यांनी १९८५ मध्ये वर्णिलेल्या कार्नी कॉम्प्लेक्समध्ये कमी वयात, एकाहून जास्त ठिकाणी मिक्झोमा येतात, ओठांवर-पापण्यांवर तपकिरी ठिपके असतात, हार्मोनचे विकार जोडीला येतात आणि काढलेली गाठ पुन्हा उगवण्याची शक्यता बरीच जास्त असते. अशा रुग्णाच्या भावंडांचा आणि मुलांचाही इको व्हायला हवा.

बाकीच्या गाठींचे स्वभाव वेगळे. झडपेवर उगवणारा फायब्रोइलॅस्टोमा जेमतेम सेंटिमीटरभर असतो, तरी तुकडा सोडून पक्षाघात घडवू शकतो. तान्ह्या बाळांत दिसणारा रॅब्डोमायोमा बहुधा ट्यूबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजाराबरोबर येतो आणि पुष्कळदा आपोआप आकसतो. त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवायचं असतं. लहान मुलांतला फायब्रोमा आकसत नाही, हृदयाच्या भिंतीत बसून ठोक्यांची लय बिघडवतो. म्हणजे प्रत्येक गाठ कापायची नसते, पण प्रत्येक गाठ हृदयतज्ज्ञाच्या नजरेखाली असायलाच हवी.

सहा महिन्यांनी

ताप गेला, ईएसआर उतरला, वजन भरू लागलं, श्वास मोकळा झाला. गाठीनं जे थेट केलं होतं ते सगळं सुटलं. तुटलेल्या झुपक्यानं केलेलं सगळं मात्र सुटलं नाही. ती आता चालते, घरातल्यांची नावं घेते, लांब वाक्यात अडखळते. उजव्या हातानं कात्री धरता येते, पण रेघेवरून कापड कापता येत नाही. तिचा शिवणाचा धंदा मुलगी कॉलेज सांभाळून चालवते आहे.

वाचकांसाठी

दम झोपण्या-उठण्याच्या किंवा कुशीच्या बदलाबरोबर कमी-जास्त होत असेल. वाकल्यावर, उठल्यावर अचानक शुद्ध हरपत असेल. ताप, वाढलेला ईएसआर आणि घटणारं वजन यांचं कारण तपासण्या करूनही सापडत नसेल. बोटांच्या टोकांना विनाकारण दुखरे जांभळे डाग येत असतील. किंवा पन्नाशीच्या आत पक्षाघात झाला असेल, तर इको करून घ्या. बहुतेकांच्या हृदयात गाठ निघणार नाही, दुसरं साधं कारण निघेल, आणि तेही कळलेलं बरंच. डॉक्टरांना एकेक तक्रार सुटी सुटी सांगू नका. तीन महिन्यांतलं सगळं एका कागदावर लिहून न्या, क्षुल्लक वाटेल ते सुद्धा.

घरातल्या कुणाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर वेळ लिहून ठेवा, तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयातच न्या. खर्चाच्या धास्तीनं थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाच्या शस्त्रक्रियांची सोय आहे, योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे पहिल्याच दिवशी चौकशी करा.

आणि इकोत डाव्या अलिंदातली गाठ दिसली, तर 'कर्करोग नाही ना, मग सण झाल्यावर बघू' असं म्हणून घरी परतू नका. त्याच दिवशी हृदयशल्यविशारदाला गाठा आणि ऑपरेशनची तारीख ठरल्याशिवाय रुग्णालय सोडू नका.